रविवारचं तळण

रुपाली सासवडला माहेरी गेली की विश्रांतवाडीच्या त्या घरात कढई माळ्यावरून खाली यायची. त्या रविवारीही आली. चैतालीनं स्टुलावर चढून ती उतरवली, फडक्यानं पुसली, आधी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि मगच गॅस पेटवला. हा क्रम ठरलेला होता. तेलाचा वास घरात राहता कामा नये.

सुखदेव तायडे ओट्याजवळ खुर्ची ओढून बसले होते. खडकीच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेल्या या माणसाला आता फक्त देखरेखीची परवानगी होती. हृदयाचं दुखणं झाल्यापासून मटण बंद, अंडं बंद, दूधतूप बंद आणि तळलेल्याचं तर नावही काढायचं नाही. यातलं अर्धं डॉक्टरांनी सांगितलं होतं, उरलेलं अर्धं सुनेनं, रुपालीनं. मुलगा चेतन एकदा म्हणाला की त्याच्या ऑफिसात असं खाणाऱ्यांना व्हिगन म्हणतात. "म्हणजे ज्याला घरात कुणी काही खायला देत नाही, त्याचं इंग्रजी नाव," असं म्हणून सुखदेवांनी तो विषय संपवला होता. तेव्हापासून कुणी घरी आलं की ते स्वतःची ओळख तशीच करून द्यायचे. रुपाली आतून म्हणायची, "बाबा, ऐकू येतंय मला."

बाकी कशाची त्यांनी तक्रार केली नाही. एकच गोष्ट मनातून जात नव्हती, कारखान्याच्या कँटीनमधलं कटलेट. खिम्याचं, अंड्यात बुडवून तळलेलं, कडेनं जाळी आलेलं. "खिमा राहू दे," ते चैतालीला म्हणाले होते. "चव मी विसरलोसुद्धा. पण दाताखाली आवाज व्हायला पाहिजे. सगळं घर मला मऊ मऊ घालतंय. मला अजून दात आहेत."

त्यांची थोरली लेक चैताली कोथरूडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि तिथेच एका सोसायटीत एकटी राहत होती. वाचून कुठलीही गोष्ट शिकता येते असा तिचा जुना समज. अंडं नाही, खिमा नाही, दूध नाही, तरी कुरकुरीत, असं काही तिनं खूप शोधलं. बटाट्याचं करून पाहिलं, ते गिळगिळीत झालं. डाळ भिजवून वाटली, ती तेलात उमलून आली आणि भजी झाली. शेवटी जे सापडलं ते पुस्तकात नव्हतं. आई, हिराबाई, असताना घरी पाटवडी व्हायची. अकोल्याकडची ती रीत. बेसन फोडणीच्या पाण्यात घालून घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं आणि निवलं की वड्या कापायच्या. ती वडीच कटलेटच्या आकाराची केली, बेसनाच्याच पातळ पिठात बुडवली, भाजून भरड कुटलेल्या जाड पोह्यांत घोळवली आणि तळली, तेव्हा सुखदेव पहिल्यांदा घास तोंडात धरून गप्प बसले होते.

आज मात्र घाई होती. चेतन रविवारीही ऑफिसात असायचा, रात्री उशिरा यायचा. रुपाली संध्याकाळी येणार होती, पण सकाळी फोनवर म्हणाली होती की जमलं तर लवकरच निघेन. लवकर म्हणजे किती लवकर हे तिनं सांगितलं नव्हतं आणि चैतालीनं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर का विचारते हा प्रश्न आला असता.

तिनं आलं, लसूण, हिरवी मिरची खलबत्त्यात ठेचली. कढईत जेमतेम तेल, त्यात जिरं, ओवा, तीळ, मग ठेचा, हळद, मीठ, पाणी. पाणी खळखळलं तसं ती चाळलेलं बेसन एका हातानं सोडत गेली आणि दुसऱ्या हातानं घोटत गेली. गुठळ्या मोडायला मनगट भरून यायचं.

"कड सोडली का?" सुखदेवांनी विचारलं.

"सोडतंय."

"सोडतंय म्हणजे सोडलं नाही."

बेसन गोळा होऊन कढईपासून सुटलं तेव्हा तिनं ते ताटात ओतलं, कोथिंबीर पसरली, वाटीच्या बुडाला तेल लावून दाबलं. आता निवू द्यायचं. पण घड्याळ भिंतीवर समोरच होतं, खाली सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला, आणि ती खिडकीशी जाऊन पाहून आली. दुसरंच कुणी होतं. परत येऊन तिनं गरम ताटातच सुरी घातली. पहिल्या चार वड्या पिठात बुडवून तेलात सोडल्या आणि त्या सोडताक्षणी फुटल्या. कढईत बेसनाचा गाळ झाला, तेल काळवंडलं, धूर खिडकीऐवजी दिवाणखान्याकडे गेला.

"कुणाला भितेस?" सुखदेव म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून तो प्रश्न जास्त लागला.

"भीत नाही. वेळ नाही."

"मला वेळच वेळ आहे. इकडे आण ते ताट."

त्यांनी ताट मांडीवर घेतलं आणि रविवारच्या वर्तमानपत्राची पुरवणी दुमडून त्याला वारा घालायला लागले. एखाद्या तापलेल्या लेकराला घालावा तसा. चैतालीनं तेल गाळलं, कढई पुसली, दाराच्या फटीशी ओलं फडकं टाकलं. मध्ये एकदा बेल वाजली, दोघंही जागच्या जागी थिजले. शेजारच्या हेमाताई दाराबाहेरूनच विचारत होत्या, पाणी किती वाजेपर्यंत येणार आहे. चैतालीनं दार बोटभर उघडून उत्तर दिलं. हेमाताईंनी त्या बोटभर फटीतून आत नाक केलं आणि परत गेल्या.

दुसऱ्या खेपेला वड्या नीट सुटल्या. मध्यम आचेवर तिनं त्या हलवल्या नाहीत, खालची बाजू आपोआप सोनेरी होऊन सुटेपर्यंत हात मागे घेऊन उभी राहिली. झाऱ्यानं काढल्या तेव्हा त्या एकमेकींवर आपटून खुळखुळल्या. सुखदेवांनी दोन खाल्ल्या. पहिली खाताना डोळे मिटले होते, दुसरी खाताना तिच्याकडे बघत होते.

"हिराला आवडलं असतं," ते म्हणाले. "पण म्हणाली असती, एवढ्याशा वडीला एवढा कुटाणा कशाला."

तिला हसू आलं. मग तिनं कढई धुऊन माळ्यावर टाकली, ओटा पुसला, उरलेल्या वड्या पिशवीत भरायला घेतल्या, नेहमीप्रमाणे कोथरूडला न्यायला. तेव्हा ते म्हणाले की थोड्या डब्यात ठेव, रुपालीला.

"तिला कळेल मग."

"कळू दे. ओरडेल. छान ओरडते ती." ते उठता उठता म्हणाले, "ओरडायलाही घरात माणूस लागतं."

ते सहज बोलून गेले. चैतालीला मात्र ते वाक्य रुतलं. एवढं सगळं तिनं केलं, बस बदलत गाव ओलांडून आली, मनगट दुखेपर्यंत बेसन घोटलं, आणि कौतुक कोणाचं, तर जी सासवडला बसून होती तिचं. तिनं डबा भरला, झाकण जरा जोरात लावलं आणि फ्रिजमध्ये सारला. निघताना बाबा दाराशी आले. काहीतरी बोलावंसं तिला वाटलं, पण बोलायचं ते राग होऊन बाहेर पडेल म्हणून "येते" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनचा फोन आला. रुपाली चहा घेऊन खोलीत गेली तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून झोपल्यासारखे होते.

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी स्वच्छ सांगितलं की हृदय थकलेलं होतं, हे कधीतरी व्हायचंच होतं, आदल्या दिवशी काय खाल्लं, काय केलं याच्याशी त्याचा संबंध नाही. चैतालीनं ते कान देऊन ऐकलं. चेतन फोनवर नातेवाइकांना कळवत होता, त्यानं अर्धंच ऐकलं.

सोजरआत्या अकोल्याहून पोचल्या तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. सुखदेवांच्या त्या थोरल्या बहिणीनं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि ते न पाहिल्याचं दुःख घरभर फिरत होतं, कुठे टेकावं ते त्याला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांच्या चहासाठी दूध काढायला त्यांनी फ्रिज उघडला आणि दुधाच्या पातेल्यामागे तो स्टीलचा डबा सापडला. त्यांनी झाकण काढलं. आत मऊ पडलेल्या वड्या, खालच्या कागदाला तेलाचे डाग.

"हे कोनं तळलं?" आत्यांनी विचारलं.

स्वयंपाकघरात आत्यांखेरीज दोघीच होत्या. रुपाली ओट्याशी कप मांडत होती, चैताली दारात उभी होती. रुपालीनं मान वर करून चैतालीकडे पाहिलं. फार वेळ नाही, चमच्यानं साखर ढवळावी एवढाच. मग ती पुन्हा कपांकडे वळली आणि म्हणाली, "घरातच केलं होतं, आत्या."

"माह्या भावाले तेलकट बंद होतं ना?"

"होतं."

"मंग?"

रुपाली कप मांडत राहिली. चैतालीनं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात बाहेरच्या दारात 'जय भीम' ऐकू आलं, कारखान्यातली जुनी माणसं आली होती, आत्या डबा तसाच ओट्यावर ठेवून रडत बाहेर गेल्या आणि त्यांच्या मागोमाग चैतालीलाही जावं लागलं. जावं लागलं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

जे तेव्हा एका वाक्यात झालं असतं ते संध्याकाळपर्यंत अवघड झालं आणि दुसऱ्या दिवशी तर अशक्यच वाटू लागलं. कारण आत्यांना दुःख टेकवायला जागा मिळाली होती. येईल त्या माणसाला त्या सांगायच्या की भाऊ चांगला हिंडताफिरता होता, डॉक्टरांनी तेलाला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, आणि सुनेनं तळून घातलं. रुपाली दुसऱ्या समाजातली होती, चेतननं प्रेमविवाह केला होता. इतकी वर्षं आत्यांनी त्यावर कधी शब्द काढला नव्हता. आता एकदा बाहेर चटईवर बसून बायकांना म्हणाल्या, "आपल्यातली असती तं जीव लावला असता." रुपाली तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन दारातच आली होती. तिनं ग्लास ठेवले आणि रिकामं ताट घेऊन परत गेली.

सासवडहून आल्यावर संध्याकाळी तिनंच तळलं असणार असं धरून चेतननं बायकोला विचारलं. ती म्हणाली की बाबांना खायचं होतं. त्यानं पुन्हा विचारलं, ती पुन्हा तेच म्हणाली. त्यानंतर तो तिच्याशी बोलेनासा झाला. आंघोळीचं पाणी तापलंय हेसुद्धा तो चैतालीला सांगायचा आणि चैतालीनं ते रुपालीला सांगायचं. "ताई, तू होतीस म्हणून घर चाललंय," असं तो एकदा म्हणाला, तेव्हा तिला दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळेना.

चैताली बोलत का नव्हती, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. भीती होतीच. आत्या लहानपणापासून तिला लेकीसारखं वागवत आल्या होत्या, आणि आता त्या घरात आईबापांकडचं म्हणावं असं तेवढंच माणूस उरलं होतं. पण भीतीपेक्षा दुसरंही काही होतं. ती दुपार तिची होती. मांडीवर ताट घेऊन वारा घालणारे बाबा फक्त तिनं पाहिले होते. ते एकदा सगळ्यांपुढे ठेवलं की त्याचा गुन्हा होणार, कोण काय म्हणालं, किती तेल होतं, किती खाल्लं, याची चौकशी होणार. मग तिच्याकडे काय उरणार? असा विचार करून ती गप्प बसायची, आणि गप्प बसल्यावर समोर रुपाली पाहुण्यांची भांडी घासताना दिसायची.

बाबांच्या नावानं पुण्यानुमोदन आणि जलदान विधी रविवारी ठरला. शनिवारी दुपारी आत्या जरा लवंडल्या होत्या, चेतन मंडपवाल्याकडे गेला होता. चैताली आतल्या खोलीत गेली तर रुपाली पलंगावर बॅग उघडी टाकून कपड्यांच्या घड्या घालत होती. लग्नात मिळालेल्या साड्याही त्यात होत्या. दोन दिवसांच्या माहेरपणाला कुणी त्या नेत नाही.

"कुठे निघालीस?"

"उद्याचं झालं की सासवडला."

"परत कधी येणार?"

"ते तिथे गेल्यावर बघेन, ताई."

चैतालीनं दार लोटलं. हळू आवाजात विचारलं की तू सांगत का नाहीस, मी केलं होतं म्हणून.

रुपालीनं हातातली घडी पूर्ण केली. "तुम्ही सांगा की. तोंड तुम्हालाही आहे."

चैताली पलंगाच्या कडेला बसली. रुपालीनं तिला बसू दिलं, स्वतः मात्र उभीच राहिली. मग तिनंच सांगितलं, कपाटाकडे तोंड करून, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसं. त्या रविवारी रात्री ती घरी आली तर बाबांनी स्वतः उठून डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. ती भडकली. म्हणाली, ताईंना आत्ता फोन लावते, हे काय चालवलंय माझ्या मागे. कढई हललेली तिला दरवेळी कळायची, कडीची बाजू बदललेली असायची. इतके दिवस ती बोलली नव्हती, आज बोलणार होती.

"तर बाबा म्हणाले, तिला काही बोलू नकोस. तिच्याजवळ एवढा एकच वार आहे." रुपाली थांबली. "कबूल कर म्हणाले. मी केलं. मग म्हणाले, खाऊन तर बघ. मी एक खाल्लं."

चैताली वर बघेना.

"चांगलं झालं होतं," रुपाली म्हणाली. "हे मी कुणाला सांगू? सासरा गेला त्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघं फ्रिजसमोर उभं राहून हसत होतो, हे सांगू आत्यांना? मी त्यांना शब्द दिला होता तुम्हाला बोलणार नाही म्हणून. तो मी मोडणार नाही. पण ज्या घरात नवरा मला पाणीसुद्धा दुसऱ्याच्या तोंडून मागतो, तिथे मी बसूनही राहणार नाही. तुमचं काय ते तुम्ही बघा."

तिनं बॅगेची चेन ओढली. अर्ध्यात अडकली ती. दोघींपैकी कुणीच ती सोडवायला पुढे झालं नाही, कारण बाहेर चेतनच्या गाडीचा आवाज आला होता.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मंडप घातला होता. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या खाली सुखदेवांचा फोटो. कारखान्याच्या निरोप समारंभातला, शर्टाचं वरचं बटण लावलेला. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि हेमाताई त्या पुन्हापुन्हा लावत होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं येत राहिली. विश्रांतवाडीतली, खडकीतली, अकोल्याहून रात्रभर प्रवास करून आलेली. बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील दिलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. मग जलदान. चेतन आणि चैतालीनं एकाच तांब्याला हात लावून वाडग्यात पाण्याची धार धरली, वाडगा भरून पाणी ताटात उतरलं. रुपालीनंही हात लावायला हवा होता. ती पुढे आली, पण चेतन सरकला नाही आणि जागाच झाली नाही. चैतालीच्या ते लक्षात आलं. शेजारी उभ्या असलेल्या बायकांच्याही आलं, कारण त्यांच्यात एक नजर फिरून गेली.

त्यानंतर आदरांजली. ज्यांना बोलायचं त्यांनी उभं राहून कालकथित सुखदेव तायडे यांच्याविषयी चार शब्द बोलायचे. कारखान्यातल्या एकांनी सांगितलं की तायडेसाहेबांच्या हाताखाली शिकलेला माणूस स्क्रू कधी वाकडा पिळत नाही. थोडं हसू फुटलं, बरं वाटलं. मग चेतन उभा राहिला. तो बरा बोलत होता. लहानपणी बाबा रात्रपाळी करून आले तरी शाळेत सोडायला यायचे, हे सांगताना त्याचा आवाज बसला. आणि मग, कदाचित रडू आवरायला, तो म्हणाला की बाबा असे एका रात्रीत जायला नको होते, ज्यांच्यावर त्यांना सोपवलं होतं त्यांनी जरा लक्ष द्यायला हवं होतं.

त्यानं नाव घेतलं नाही. गरजही नव्हती. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. बऱ्याच माना जिन्याकडे वळल्या, जिथे रुपाली पांढऱ्या साडीत, पाण्याच्या ग्लासांचं ताट घेऊन उभी होती. ताट थोडं कललं, एक ग्लास दुसऱ्यावर टेकला. तिनं ते सरळ केलं. तिच्या मागे, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, बॅग आणून ठेवलेली होती.

बौद्धाचार्यांनी चैतालीचं नाव पुकारलं.

तिनं मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. बाबा रात्रशाळेत कसे शिकले, पहिलं पुस्तक त्यांनी तिला कुठून आणून दिलं, घरात एकच दिवा असताना तो कोणाच्या उशाशी असायचा. चांगलं बोलणं होतं, ऐकणाऱ्यांना आवडलं असतं. ती उठली, फोटोला हात जोडले, माइक हातात घेतला आणि 'जय भीम' म्हणाली. सगळ्यांनी उत्तर दिलं. मग तिनं रात्रशाळेचं पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि तिसऱ्या वाक्याला थांबली. लोकांना वाटलं रडू आलं. एक जण पाणी आणायला उठला.

"पाणी नको," ती म्हणाली. "मला दुसरं सांगायचं आहे. चेतन, तूही ऐक. आत्या, तुम्ही पण."

मंडपात खुर्च्यांची करकर थांबली.

"बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी घरात जे तळलं गेलं, ते रुपालीनं तळलं नाही. ती घरात नव्हतीच. मी तळलं. बेसनाची कटलेट. बाबांनी मागितली म्हणून केली आणि त्या दिवशीच नाही, आधीही कितीदा केली. रुपाली गावाला गेली की मी येत होते. डबा तुम्हाला सापडला तेव्हा मी दारात उभी होते, आत्या. रुपालीनं माझं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही."

"काय बोलतेस तू हे?" आत्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. त्यात राग शोधत होत्या आणि तो त्यांना सापडत नव्हता.

"डॉक्टर म्हणाले त्यानं काही झालेलं नाही. ते चेतननं ऐकलं नसेल, मी ऐकलं होतं. तेही मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं."

चेतन खुर्चीतून अर्धा उठला होता. तो तसाच राहिला, ना बसला ना उभा राहिला. चैतालीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. माइकच्या तारेत तिचा पाय अडकला होता, तिनं तो सोडवला आणि जिन्याकडे तोंड केलं. आता ती मंडपाशी बोलत नव्हती. माइक हातात होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, इतकंच.

"रुपाली, मला एक वार मिळायचा आणि तुला बाकीचे सगळे. ते मला सहन व्हायचं नाही. बाबा तुझं नाव काढायचे, तुझ्या ओरडण्याचंसुद्धा कौतुक करायचे, तेव्हा माझ्या पोटात दुखायचं. मी चोरून तळायला यायचे ते बाबांना आवडायचं म्हणून, हे खरं आहे. पण तुझ्या घरात, तुला न कळता, तू नाही म्हटलेलं मी त्यांना देते, याचाही मला आनंद व्हायचा. हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नाही."

रुपालीच्या हातातलं ताट हेमाताईंनी हळूच काढून घेतलं.

"दुखण्यातून उठल्यावर बाबा जेवढे जगले, ते तू जगवलंस. गोळ्या तू दिल्यास, रात्री तू उठलीस, बोलणी तू खाल्लीस. मी पाहुणीसारखी यायचे आणि जायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं. मी म्हटलं नाही." तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला. "तू माझ्या बापाची लेक होतीस, रुपाली. माझ्याइतकीच. ती बॅग वर ने. जाऊ नकोस."